स्कोअरमध्ये रक्तवाहिन्या दिसत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छातीचा सीटी काढून पेशंट बाहेर आला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘भाऊ, स्कोर किती आलाय?’ २०२१ साली, कोविडच्या लाटेत, औसा, निलंगा, रेणापूरहून लातूरला येणारी माणसे हेच विचारत होती. आता फ्लूच्या न्यूमोनियातही हाच प्रश्न येतो. सीटी सेंटरवर तंत्रज्ञ म्हणून काम करताना मला याची काळजी वाटते.

फुप्फुसाचे पाच भाग, प्रत्येकाला जास्तीत जास्त ५ गुण, असा हा २५चा हिशेब. फुप्फुस किती व्यापले आहे, एवढेच तो सांगतो. त्या भागातून रक्त कसे वाहते आहे, याला त्यात एकही गुण नाही. स्कोअर कमी आला म्हणून, ऑक्सिजन घसरत असतानाही, पेशंटला घरी न्यायचा हट्ट धरणारे नातेवाईक मी पाहिले आहेत.

फुप्फुसाच्या ज्या भागात हवा पोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या एरवी आकसतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळते. कोविडमध्ये अनेकांच्या स्कॅनवर उलटे दिसले. धुरकट डागांतून जाणाऱ्या वाहिन्या फुगलेल्या होत्या. २०२०च्या एका अभ्यासात वाहिन्या जाड झाल्याची ही खूण कोविडच्या ५९ टक्के रुग्णांत आढळली, इतर विषाणूंच्या न्यूमोनियात २२ टक्के. आजारी भागातून रक्त ऑक्सिजन न घेताच परतत असेल, तर डाग थोडे असूनही माणूस का धापा टाकतो, याचा काहीसा उलगडा होतो. त्याच वर्षी मृतांच्या फुप्फुसांची तपासणी झाली. पाहिलेली फुप्फुसे मोजकीच, कोविडची सात आणि फ्लूची सात. पण कोविडच्या फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांत बारीक गुठळ्या फ्लूच्या नऊपट होत्या. फ्लूच्या फुप्फुसांतही त्या होत्याच, हेही विसरू नये.

वाहिनी फुगलेली साध्या एचआरसीटीवर (औषध न सोडता काढलेल्या छातीच्या बारीक तपशिलाच्या सीटीवर) दिसते, पण तिच्यातली गुठळी सहसा दिसत नाही, कारण रक्त आणि गुठळी जवळपास एकाच छटेची. शिरेतून औषध सोडून फुप्फुसाच्या वाहिन्यांची सीटी अँजिओग्राफी केली की रक्त पांढरेशुभ्र उजळते आणि गुठळीच्या जागी काळी पोकळी उरते. केशवाहिन्यांतल्या गुठळ्या मात्र याही तपासणीत सापडत नाहीत. शिवाय ती सरसकट करायची गोष्ट नाही. मूत्रपिंडे ठीक आहेत ना, यासाठी रक्तातले क्रिएटिनिन पाहावे लागते, किरणोत्सर्गही असतो. नातेवाइकांनी ती मागत सुटू नये, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या तर स्वतःहून मुळीच देऊ नयेत.

माझी विनंती डॉक्टरांना आहे. आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा ‘एचआरसीटी चेस्ट’ एवढेच असते. ऑक्सिजन किती, आजाराचा कितवा दिवस, एका पायाला सूज आहे का (तिथल्या शिरेत गुठळी असू शकते), गुठळीचा इशारा देणारी डी-डायमर ही रक्ततपासणी केली असेल तर ते किती, हे दोन ओळींत लिहिले तर रिपोर्ट करणारे रेडिओलॉजिस्ट वाहिन्या त्या नजरेने पाहतील. डाग आणि ऑक्सिजन यांचा मेळ बसत नसेल, तर पेशंट टेबलावर असतानाच फोन करून अँजिओग्राफीचे विचारता येईल. रेडिओलॉजिस्ट मंडळींनीही रिपोर्टात स्कोअरखाली वाहिन्यांबद्दल एक वाक्य आवर्जून लिहावे.

वॉर्डातल्या सिस्टरांनाही एक सांगणे. अँजिओग्राफीला पाठवायच्या पेशंटला कोपराच्या शिरेत जाड हिरवे, निदान गुलाबी इंट्राकॅथ (शिरेत बसवायची नळी) लावून पाठवा. तळहाताच्या मागचे बारीक पिवळे इंट्राकॅथ औषधाचा वेग सोसत नाही. मग आमच्याकडे पुन्हा शीर शोधावी लागते, आणि तोवर धाप लागलेला माणूस टेबलावर आडवा असतो.

आपला,
एक सीटी तंत्रज्ञ, लातूर