हत्यारं विकू नकोस, काहीच लपवू नकोस

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

सुतारकामाची हत्यारं विकून, पीपीएफ मोडून हातउसने फेडतो म्हणालास. थांब. नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज करायची वेळ आलीच, तर तुझ्याकडे काय राहतं ते आधी समजून घे. मी जन्मभर कोर्टात बेलिफाचं काम केलं, जप्तीसाठी कितीतरी घरांत शिरलो. म्हणून हक्काने सांगतोय.

नादारीसाठी मुंबईसारख्या शहरांत १९०९ चा कायदा आहे, आपल्या जिल्ह्यात १९२० चा. २०१६ च्या नव्या कायद्यातला व्यक्तींचा भाग फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांनाच लागू झालाय, त्यात तू येत नाहीस. १९२० चा कायदा म्हणतो, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे जे जप्त होत नाही, ते नादाराचंच राहतं. अंगावरचे लागतील तेवढे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, सूनबाईचं मंगळसूत्र. आणि कारागिराची हत्यारं.

एका शिंप्याकडे जप्तीला गेलो होतो. टीव्ही, कपाट लिहून घेतलं. सावकाराचा माणूस शिलाई मशीनकडे बोट दाखवून "तेही घ्या" म्हणत राहिला. मशीनवर कुणाचं तरी अर्धं शिवलेलं पोलकं तसंच होतं. मी मशीनला हात लावला नाही, कारण ते त्याचं पोट होतं आणि कायदाही तेच सांगतो. तुझे रंधे, पटाशा, ड्रिल याच हिशेबात येतात. बँकेच्या कर्जावर घेतलेलं मोठं कटिंग मशीन मात्र येत नाही, ते बँकेकडे तारण आहे.

फ्लॅटचं खरं सांगतो, तोही तारण आहे, तो वाचेल अशी आशा धरू नकोस. राहत्या घराला संरक्षण शेतकऱ्याला, मजुराला आहे, ते तुला लागू पडत नाही.

पीपीएफ, प्रॉव्हिडंट फंड आणि तुझ्या आयुर्विम्याच्या पैशावर जप्ती येत नाही. खात्यात आहे तोवर तो पैसा सुरक्षित आहे, आणि तूच तो काढून उधळायला निघालास! उद्या नोकरी धरलीस तर पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग तुझा. म्हणजे ३१,००० पगार असेल तर २१,००० घरी येतील. तीही कपात एका हुकूमनाम्यासाठी (कोर्टाच्या वसुलीच्या निकालासाठी) एकूण २४ महिन्यांपर्यंतच चालते. सूनबाईचा पगार आणि तिचं स्त्रीधन तिचं आहे. तिने कुठे सहकर्जदार म्हणून सही केलीय का, तेवढं विचार.

तिच्या नावावर गाडी करायचं डोक्यातून काढ. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत असं बक्षीस म्हणून दिलेलं कोर्ट रद्द करू शकतं, आणि मग तुझ्या प्रत्येक शब्दावर संशय येतो. मित्राचे पैसे आधी चुकते करणंही नको. तीन महिन्यांच्या आत अर्ज झाला तर एकालाच झुकतं माप दिल्याचा आक्षेप येतो. तो मित्र समजूतदार आहे, त्याला मी स्वतः भेटतो.

रविवारी ये. कर्जाचे करार, विम्याच्या पॉलिसी, पीपीएफचं पासबुक, हातउसन्यांची वही, सगळं घेऊन ये. यादी आपण दोघं बसून करू, आणि सोमवारी दिवाणी बाजूचा चांगला वकील गाठू. आई वाट बघतेय, सूनबाईला आणि पोरांनाही आण.

तुझा,
बाबा