ऑपरेशननंतर पीएसएचं '० ते ४' धरू नका

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

प्रोस्टेट कॅन्सरसाठी ज्यांची अख्खी ग्रंथी काढलीय त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितोय, कृपया छापा.

वडिलांच्या ऑपरेशननंतर साधारण वर्षभराने पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ताची तपासणी) आला ०.२४ आणि रिपोर्टवर शेजारीच छापलेलं, नॉर्मल ० ते ४. झालं, घरात सगळे खूश, ओळखीचे डॉक्टरपण म्हणाले टेन्शन घेऊ नका. पण ते ० ते ४ ज्यांची ग्रंथी जागेवर आहे त्यांच्यासाठी असतं हो! ती काढल्यावर पीएसए जवळपास शून्यच यायला हवा, आणि ०.२ किंवा जास्त आला आणि परत तपासूनही तसाच राहिला तर आजार पुन्हा डोकं वर काढतोय असं धरतात. सर्जनना व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट पाठवला म्हणून आम्हाला हे कळलं, नाहीतर ४ च्या आत आहे म्हणून निवांत बसलो असतो.

मग वडिलांना रेडिएशन सुरू झालं. नातेवाईक विचारतात, ऑपरेशन झाल्या झाल्याच रेडिएशन का नाही दिलं? तर रॅडिकल्स नावाचा मोठा अभ्यास २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला, १३९६ पेशंट होते. निम्म्यांना लगेच रेडिएशन, बाकीच्यांना पीएसए वाढला तरच. ५ वर्षांनी पीएसए पुन्हा न वाढलेले लोक दोन्हीकडे जवळपास सारखेच, ८५ आणि ८८ टक्के, उलट लगेच घेतलेल्यांना लघवीचा त्रास जास्त. म्हणून आता फार जास्त धोका असेल तरच डॉक्टर घाई करतात. पण थांबायचं म्हणजे आकड्यावर डोळा ठेवून थांबायचं, त्या अभ्यासात ०.१ ला किंवा आकडा लागोपाठ ३ वेळा वाढला की रेडिएशन सुरू करत होते. कुठे ०.१ आणि कुठे ४! आणि आकडा कमी असताना दिलं तरच त्याचा उपयोग जास्त होतो.

रेडिएशन सोपं नाही. आठवड्याचे ५ दिवस जायचं, पोट साफ आणि मूत्राशय पाण्याने भरलेलं लागतं, आणि ऑपरेशनमुळे आधीच लघवी थांबत नाही त्या माणसाला नंबर येईपर्यंत धरून बसवायचं, वडिलांचे हाल बघवत नव्हते. तरी वेळेत सुरू झालं याचं समाधान आहे.

लॅबवाल्यांना कळकळीची विनंती, ऑपरेशन झालेल्यांसाठी रिपोर्टवर वेगळी ओळ छापा. आणि डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डवरच मराठीत लिहून द्यावं, पीएसए कधी करायचा आणि किती आला की लगेच यायचं.

एका पेशंटचा मुलगा, सातारा