हिरवा दिसला म्हणून फवारू नका

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या कृषी पानावर ‘भातावरील किडी’ म्हणून जी छायाचित्रे छापली, त्यातला तिसरा किडा कीड नाही. हिरवे अंग, काळे डोके, काळे खांदे: हा हिरवा मिरिड ढेकूण, शास्त्रीय नाव सायर्टोऱ्हिनस लिव्हिडिपेनिस. भाताचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांची अंडी हे त्याचे मुख्य अन्न.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आमचे वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचे भात, आहे. चुडाच्या (भाताच्या रोपांच्या झुबक्याच्या) बुडाशी वाकून पाहिले की तपकिरी तुडतुड्यांच्या घोळक्यातच हा फिरताना दिसतो, म्हणून आळ त्याच्यावरही येतो. लांबी जेमतेम 3 मिलिमीटर, तेव्हा भिंग हवेच. (शाळेत विज्ञान शिकवायचे तेव्हाचे माझे भिंग आता मेरेवरच (शेताच्या बांधावर) जास्त वापरात असते.) तुडतुड्याचे पंख कौलारू छपरासारखे दोन्ही बाजूंना उतरते असतात आणि मिशा इतक्या आखूड की शोधाव्या लागतात. मिरिडाचे पंख पाठीवर सपाट, मिशा लांब. पंखाच्या टोकाला पातळ पडदा, त्याच्या अलीकडे कडेला एक छोटा त्रिकोण. ती या कुळाची खूण. गंधी ढेकणाची पिल्लेही हिरवी, पण ती लांबट, लांब पायांची आणि लोंबीवर बसणारी.

रंगावर तर विसंबूच नये. याच कुळातले युरोपातल्या गवतावरचे स्टेनोडेमा ढेकूण हिवाळ्याआधी वाळल्या गवताच्या रंगाचे असतात, वसंतात हिरवे होतात.

तुडतुड्याची मादी अंडी घालते ती पानाच्या आवरणाच्या आत. तिथे फवारा पोचत नाही, या ढेकणाची सोंड पोचते. दिवसाला सात ते दहा अंडी तो सहज शोषतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक मारले की असे मित्रकीटक मरतात, आतल्या अंड्यांतून पिल्ले निघतात आणि तुडतुडे आधीपेक्षा जोरात येतात. तरी आमच्याकडे काही दुकानदार ‘हिरवे काही दिसले की मारा’ सांगून बाटली हातात ठेवतात. त्यात आता आपले छापील चित्र!

दुरुस्ती छापावी, आणि यापुढे प्रत्येक किड्याच्या चित्राखाली त्याची लांबी मिलिमीटरमध्ये द्यावी. मात्र वायंगण पोटरीत (लोंबी बाहेर पडण्याआधीच्या अवस्थेत) येण्याआधी छापा, नंतर छापून आम्हाला उपयोग नाही.

— एक निवृत्त शिक्षिका व शेतकरी, डिचोली