लेझर मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या सदोष अहवालाबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व गुणवत्ता विभाग

विषय : खडकांच्या नमुन्यांतील ट्रेस एलिमेंट्सचा (अत्यल्प प्रमाणातील मूलद्रव्यांचा) चुकीचा अहवाल, फेरगणना, मूळ डेटा व शुल्क परताव्याची मागणी

महोदय,

बसाल्टमधील प्लॅजिओक्लेज आणि ग्रॅनाइटमधील झिरकॉन या खनिजांचे, लेझरने सूक्ष्म खड्डा पाडून उडालेल्या पदार्थातील मूलद्रव्ये मोजणारे, लेझर ॲब्लेशन विश्लेषण आम्ही आपल्याकडून पूर्ण शुल्क भरून करून घेतले. आलेला अहवाल शोधनिबंधात वापरण्याजोगा नाही. आपल्या ग्राहक सेवेने फोनवर ‘यंत्र व्यवस्थित चालू आहे’ असे सांगितले. यंत्राबद्दल माझी तक्रारच नाही. तक्रार आहे ती यंत्राने मोजलेल्या काउंट्सचे (कच्च्या सिग्नलच्या आकड्यांचे) आपण पुढे जे केले त्याबद्दल.

सर्वांत गंभीर चूक इंटर्नल स्टँडर्डची आहे. लेझरच्या प्रत्येक खड्ड्यातून किती पदार्थ उडाला हे थेट कळत नाही, म्हणून एका ज्ञात मूलद्रव्याच्या आधारे बाकीची मोजतात. आपण सिलिकॉन वापरले, ते योग्यच. पण सिलिकाचे (सिलिकॉनच्या ऑक्साइडचे) प्रमाण आम्ही प्रत्येक स्पॉटसाठी, म्हणजे लेझर मारण्याच्या प्रत्येक जागेसाठी, इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब या सूक्ष्म विश्लेषण यंत्राने मोजून, तक्ता करून नमुन्यांसोबत पाठवले होते. तो तक्ता बाजूला ठेवून आपण सगळ्या प्लॅजिओक्लेजला सरसकट ६० टक्के सिलिका धरली. या खनिजात सिलिका शुद्ध अ‍ॅनॉर्थाइटच्या सुमारे ४३ टक्क्यांपासून शुद्ध अल्बाइटच्या जवळजवळ ६९ टक्क्यांपर्यंत बदलते. आमच्या मोजणीत जिथे ती ५० टक्के आहे, तिथे स्ट्रॉन्शियम, बेरियम, लँथेनम असे झाडून सगळे आकडे २० टक्के जास्त आले आहेत. स्फटिकाच्या गाभ्यापासून कडेपर्यंत स्ट्रॉन्शियम कसे बदलते हाच आमच्या अभ्यासाचा प्रश्न आहे, आणि सिलिकाही त्याच दिशेने बदलते. त्यामुळे अहवालातला चढउतार मॅग्माचा किती आणि आपल्या गृहीतकाचा किती, हे वेगळे काढता येत नाही.

झिरकॉनचे दुखणे वेगळे. स्वच्छ झिरकॉनमध्ये लँथेनम सहसा १ पीपीएमच्याही (दहा लाखांत एक भाग) बरेच खाली असते. अहवालात काही स्पॉट्सवर ते कितीतरी पट जास्त आहे आणि त्याच ओळींत फॉस्फरस व कॅल्शियमही उसळलेले आहेत. लेझर खाली जाताना अ‍ॅपेटाइटच्या एखाद्या कणात शिरला असावा, हे कोणत्याही अनुभवी विश्लेषकाच्या लक्षात यायला हवे. वेळेनुसार सिग्नल पाहून तेवढा भाग वगळायचा असतो. आपण सुरुवातीपासून शेवटपर्यंतची सरसकट सरासरी काढलेली दिसते. उरलेल्या स्पॉट्सवर लँथेनमपुढे ‘०’ लिहिले आहे. तिथे त्या स्पॉटची डिटेक्शन लिमिट, म्हणजे मोजता येणारे किमान प्रमाण, हवी होती. खड्ड्याचा व्यास निम्मा केला की उडणारा पदार्थ साधारण चौथाईवर येतो आणि ही मर्यादा वर सरकते, त्यामुळे शून्यावरून वाचकाला काहीच कळत नाही.

अचूकतेचा पुरावा म्हणून आपण निस्ट ६१२ या संदर्भ काचेचे आकडे जोडले आहेत आणि ते प्रमाणित मूल्यांशी तंतोतंत जुळतात. ते जुळणारच, कारण कॅलिब्रेशन त्याच काचेवर केले आहे. बीसीआर-२जी किंवा बीएचव्हीओ-२जी यांसारखी दुसरी संदर्भ काच अज्ञात नमुना म्हणून अधूनमधून मोजली असेल, तर ते निकाल दाखवा. मोजली नसेल, तर तसे लेखी कळवा. यंत्रात ऑक्साइड किती तयार होत होते हे दाखवणारे थोरियम ऑक्साइडचे थोरियमशी गुणोत्तरही अहवालात कुठे नाही.

हे झिरकॉन खडक फोडून, जड द्रवात वेगळे करून, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वेचलेले आहेत. ४० मायक्रॉनचा खड्डा पडला की तेवढा पदार्थ कायमचा गेला. लहान कणांवर दुसऱ्या स्पॉटला जागाच उरलेली नाही. म्हणून ‘नमुने पुन्हा पाठवा, सवलतीत करून देऊ’ हा आपला प्रस्ताव मला मान्य नाही. सुदैवाने बहुतेक चुका गणनेतल्या आहेत आणि मूळ काउंट्स आपल्याकडे असले पाहिजेत.

तरी गॅस ब्लँकसह (लेझर बंद असतानाच्या पार्श्वभूमी सिग्नलसह) प्रत्येक स्पॉटचा वेळेनुसार मूळ डेटा, स्पॉटचा व्यास, लेझरची ऊर्जा व वारंवारता आणि कॅलिब्रेशनची नोंद आम्हाला द्यावी. आमच्या तक्त्यातील सिलिका वापरून प्लॅजिओक्लेजची विनाशुल्क फेरगणना करावी. झिरकॉनचे सिग्नल एखाद्या जाणकाराने एकेक करून तपासावेत आणि प्रत्येक आकड्यासोबत अनिश्चितता द्यावी. जे स्पॉट यानंतरही वापरता येणार नाहीत, त्यांचे शुल्क परत करावे. मूळ डेटा ‘अंतर्गत’ असल्याचे उत्तर एकदा मिळाले आहे. आमच्या नमुन्यांतून आलेला आणि आम्ही पैसे मोजलेला डेटा आमच्यापासून राखून ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास मी ग्राहक तक्रार यंत्रणेकडे जाईन.

एक तातडीची विनंती : आमचे माउंट (स्फटिक बसवलेल्या पॉलिश केलेल्या चकत्या) सध्या आपल्याकडेच आहेत. ते पुन्हा पॉलिश करू नयेत. खड्डे पुसले गेले, तर कोणता आकडा स्फटिकाच्या कोणत्या भागातला हे नंतर पडताळता येणार नाही.

आपली विश्वासू,
नमुने पाठवणारी संशोधक

सोबत : मायक्रोप्रोबचा तक्ता, स्पॉट्सचे नकाशे, अहवालाची प्रत, शुल्काची पावती