मसुद्यावर सही करू नकोस

सातारा

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

तडजोडीचा मसुदा वाचला. मेख आहे ती चौथ्या कलमात. ईशानची पोटगी तू सोडायची, बदल्यात त्याचा बाप पोराच्या ताब्यासाठी भांडणार नाही. फोनवर तू म्हणालीस, "बाबा, सुटू दे एकदाचं." तुझी स्वतःची पोटगी सोडायची असेल तर सोड, मी मध्ये पडणार नाही. पण ईशानची पोटगी ईशानची आहे. आईबापांनी आपसांत काहीही लिहून घेतलं तरी मुलाचा हक्क बुडत नाही. आपली न्यायालयं हेच धरतात, ईशानचा बाप राहतो त्या न्यू जर्सीतलीही.

पुण्याच्या कुटुंब न्यायालयाचा पोटगीचा हुकूम हातात आहे, पण त्याचा पगार इथं नाही, घरदार नाही. जप्ती आणायची कशावर? पोटगीवसुलीचा 2007 चा हेग करार अमेरिकेत 2017 पासून लागू आहे. भारत त्यात नाही. त्यामुळे इथला कागद तिकडे आपोआप चालत नाही. तेव्हा अर्ज तिकडेच करायचा, जिथं त्याचा पगार होतो. त्यासाठी तू तिथं राहायला हवीस असं नाही; साक्ष फोनवर किंवा व्हिडिओवर देता येते. हुकूम झाला की कंपनी पगारातूनच रक्कम कापते, त्याच्या मर्जीवर काही राहत नाही. शिवाय तो अमेरिकन नागरिक. थकबाकी 2,500 डॉलरच्या वर गेली की तिकडे पासपोर्ट अडवतात. दर उन्हाळ्यात युरोपचे फोटो टाकणाऱ्याला ही भाषा बरोबर कळेल.

मागे त्याच्याकडून लेगोचा तो भलामोठा खोका आला नि तू विरघळलीस. त्याच आठवड्यात शाळेची फी मी भरली. ऐकवत नाही, पावती जपून ठेवलीय एवढंच सांगतो. खेळण्याने पोटगी फिटत नाही.

मात्र पैसे येत नाहीत म्हणून रविवारचा व्हिडिओ कॉल बंद करू नकोस. कोर्ट या दोन गोष्टींची सांगड घालू देत नाही, आणि पोरगं सकाळपासून टॅब चार्जिंगला लावून बसतं ते मी पाहिलंय.

फी, दवाखाना, क्लास यांच्या पावत्या मी वर्षवार लावल्या आहेत. तुझ्या पगाराच्या स्लिपा तेवढ्या पाठव. रक्कम ठरवताना तिकडे दोघांचंही उत्पन्न बघतात. वकिलाच्या फीची काळजी नको, माझी एक एफडी पुढच्या महिन्यात सुटतेय. आईला अजून रकमेचं बोललो नाही, तूही बोलू नकोस.

तुझे,
बाबा