‘ट्रॅप’ म्हणजे सापळा नव्हे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सह्याद्रीच्या घडणीवर आपल्या दैनिकात नुकताच आलेला लेख मी आवडीने वाचला. मात्र त्यात दख्खनच्या पठारावरील काळ्या खडकाच्या थरांना असलेल्या ‘डेक्कन ट्रॅप’ या नावाचा अर्थ ‘दख्खनचा सापळा’ असा दिलेला पाहून वाईट वाटले. भूगोल शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली आणि हीच चूक मी उत्तरपत्रिकांतून अनेकदा दुरुस्त केली आहे, म्हणून हे पत्र.

खडकाच्या नावातील ‘ट्रॅप’ स्वीडिश भाषेतून आला आहे. तेथे ‘ट्रप्पा’ म्हणजे जिना. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. त्यांतले कठीण थर कड्यांसारखे उभे राहिले, मऊ थर झिजून त्यांचे उतार झाले आणि डोंगराला पायऱ्या पडल्या. पावसाळा सरल्यावर घाटाच्या वळणावर उभे राहून समोरची डोंगररांग पाहावी. काळा कडा, त्याखाली हिरव्या गवताची पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी असा जिना उघड्या डोळ्यांना दिसतो. ‘सापळा’ म्हटले की तो दिसेनासा होतो. माझी खरी तक्रार ही आहे.

ज्या बेसाल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाचा, हा जिना आहे, त्या शब्दाचाही उगम सांगण्याजोगा आहे. ग्रीक भाषेत सोन्याचा कस पाहण्याच्या दगडाला ‘बसानोस’ म्हणत आणि त्यावरून काळ्या कठीण दगडाला ‘बसानितेस’ हे नाव पडले. लॅटिन ग्रंथांच्या नकला करताना कोणा लेखनिकाच्या हातून त्याचे ‘बसाल्तेस’ झाले, आणि १५४६ मध्ये आग्रिकोला या जर्मन विद्वानाने सॅक्सनीतील श्टोल्पेन येथल्या काळ्या खडकाला तेच चुकीचे रूप वापरल्यावर ते कायमचे रूढ झाले. म्हणजे बेसाल्ट या नावाच्या मुळाशी आपल्या सराफाची कसोटीच आहे. आपण ‘कसोटीला उतरणे’ म्हणतो, ‘निकष’ म्हणतो. हे दोन्ही शब्दही दगडावर सोने घासण्याच्या क्रियेतूनच आलेले आहेत. हे एकदा सांगितले की वर्गातले कोणतेही मूल बेसाल्टचा रंग आणि कठीणपणा विसरत नाही, असा माझा अनुभव आहे.

सर्वांत जास्त खंत वाटते ती लॅटराइटची. मी रत्नागिरी जिल्ह्यात राहतो. आमच्या शाळेची जोती, गडगे, विहिरींची बांधकामे सारी जांभ्याची. तरीही त्याच जोत्यावर बसून मुले ‘लॅटराइट, लॅटराइट’ असे घोकत असत आणि तो शब्द आपण बसलो आहोत त्या दगडाचाच आहे, हे त्यांना ठाऊक नसे. एकदा मी त्यांना जवळच्या चिरेखाणीवर नेले. नुकताच काढलेला चिरा ओलसर होता, त्याच्या भोकाभोकांतून पिवळी माती दिसत होती आणि नखाने खरवडली तर ती निघत होती. शेजारीच दोन उन्हाळे खाल्लेला चिरा पडला होता. त्याच्यावर नख चालेना. ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर आणि सर्वेक्षक फ्रान्सिस बुकॅनन यांनी मलबारात (आजच्या केरळात) अंगाडिपुरम येथे नेमके हेच पाहिले होते. जमिनीत असताना लोखंडी हत्याराने सहज कापला जाणारा हा दगड उघड्यावर येताच विटेसारखा कडक होतो, अशी नोंद त्यांनी १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात केली आहे. तेथील लोक त्याला ‘इटिका कल्लु’, म्हणजे वीट-दगड, म्हणत असल्याचेही त्यांनी लिहिले आणि वीट या अर्थाच्या ‘लाटेर’ या लॅटिन शब्दाच्या आधारे लॅटराइट हे नाव सुचवले. या ‘इटिका’त संस्कृत ‘इष्टका’ आहे आणि आपली ‘वीट’ही तिच्याचपासून आली. जगभरच्या पुस्तकांत गेलेले हे नाव एका देशी नावाचे लॅटिन भाषांतर आहे, ही गोष्ट कोकणातल्या मुलांना कोणीतरी सांगायला हवी.

रत्नांच्या बाबतीत तर आपले शब्द थेट बाहेर गेले. प्राकृत ‘वेरुलिय’, म्हणजे संस्कृत वैडूर्य, ग्रीकांकडे जाऊन ‘बेरिल’ (पाचू ज्याचा प्रकार आहे ते खनिज) झाले आणि बेरिलियम या मूलद्रव्याचे नाव त्यातून निघाले. माणिक आणि नीलम ज्या खनिजाचे प्रकार आहेत, त्या कोरंडमचे नाव तमिळ ‘कुरुंदम्’वरून पडले; संस्कृतात तो कुरुविंद. झिरकॉन या खनिजाच्या नावाच्या मुळाशी फारसी ‘झर’ म्हणजे सोने आहे आणि पैठणीच्या काठातली ‘जर’ तीच.

मात्र ध्वनी जुळला म्हणून नाते जुळतेच असे नाही, हे अशा वेळी सांभाळावे लागते. मराठीत ‘हरताळ’ दोन आहेत. पोथीतील चुकलेल्या अक्षरांवर ज्या पिवळ्या खनिजाचा लेप देत, तो एक. ‘हरताळ फासणे’ त्यावरून आले. बंद पाळण्याचा हरताळ ‘हाट’, म्हणजे बाजार, आणि ‘ताळा’, म्हणजे कुलूप, यांतून आलेला आहे. लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात. ट्रॅप आणि सापळा यांच्या बाबतीत आपल्या लेखकाची गफलत याच जातीची झाली आहे.

परक्या संज्ञा काढून टाकाव्यात असे माझे म्हणणे नाही. बेसाल्ट राहू द्यावा, लॅटराइटही राहू द्यावा. पण भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात अशी संज्ञा प्रथम येते तेथे समासात तिच्या उगमाची एक ओळ आणि आपल्याकडचा रूढ शब्द छापावा, अशी पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्यांना विनंती आहे. आपल्या दैनिकाने ‘सापळ्या’ची दुरुस्ती छापली, तर तो लेख कात्रण म्हणून वर्गात लावायला माझ्या शिक्षकमित्रांना अडचण राहणार नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, जि. रत्नागिरी