मराठी माणसाला गाईड कशाला, असं विचारणाऱ्या कंपनीस

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : ‘जुनं नागपूर, खाजगी स्थानिक मार्गदर्शकासह’ या सहलीचे ७,२०० रुपये पूर्ण परत मिळण्याबाबत.

तुमच्या कॉल सेंटरवरच्या ‘सीनियर’शी बोलून आत्ताच फोन ठेवला आहे. हात थरथरत असतानाच लिहायला घेतलंय, त्यामुळे ‘महोदय, सविनय’ वगैरे या पत्रात नाही. बुकिंग क्रमांक, पावती, तारीख सगळं तुमच्या सिस्टीममध्ये आहे. त्या सिस्टीमचं कौतुक तुमच्या माणसाने मला पुरेसं ऐकवलं आहे.

सहल तुमचीच आहे, त्यामुळे तीत काय होतं ते तुम्हाला ठाऊक असणारच. तरी तुमच्या पानावरून उतरवून घेते : सीताबर्डी किल्ल्यात फेरी, झिरो माईलचा दगडी खांब, अजब बंगला हे जुनं संग्रहालय, महाल आणि इतवारी या जुन्या वस्त्यांतून पायी भटकंती, दुपारी सावजी म्हणजे झणझणीत नागपुरी जेवण, शेवटी दीक्षाभूमी. सकाळी नऊ ते दुपारी चार. भाषा : मराठी. मार्गदर्शक : परवानाधारक, स्थानिक, अनुभवी. शेजारी एका प्रसन्न बाईंचा फोटो. त्या बाई कोण, हे मला अजून कळलेलं नाही. भेटल्या असत्या तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. यजमानांची नागपूरला बदली झाली, म्हणून इथे आलो. ऑफिस, मुलाची शाळा, घराचं सामान यात शहर बघायचं राहूनच गेलं. डिसेंबरात वडील आले. ते शाळेत इतिहास शिकवायचे. १८१७ च्या नोव्हेंबरात नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज सीताबर्डीच्या टेकडीवर भिडले, हे त्यांनी फळ्यावर नकाशा काढून किती पिढ्यांना शिकवलं, पण ती टेकडी त्यांनी स्वतः कधी पाहिली नव्हती. म्हणून ही सहल. मराठीत बोलणारा, शहराचा माणूस बरोबर असावा, वडिलांना गप्पा मारता याव्यात, एवढीच अपेक्षा होती. त्यासाठीच तर ‘खाजगी’चे जास्तीचे पैसे मोजले.

आलेला मुलगा विमानतळावर टॅक्सी चालवतो. सहलीचं त्याला आदल्या रात्री कळलं होतं. हे त्यानेच सांगितलं, आणि इतक्या प्रामाणिकपणे सांगितलं की त्याच्यावर रागावता येईना. तो परगावचा, हिंदी बोलणारा. मराठी कळत होती, पण बोलता येत नव्हती. परवान्याबद्दल विचारलं तर त्याने वाहन चालवण्याचा परवाना काढून दाखवला. बिचाऱ्याकडे तोच होता. माझी तक्रार त्याच्याविरुद्ध नाही. त्याला आमच्या गाडीत बसवणाऱ्यांविरुद्ध आहे.

पहिला थांबा किल्ला. टेकडी गणपतीसमोर गाडी उभी करून त्याने काचेतून बोट वर केलं आणि म्हणाला, ‘‘अंकल, वो ऊपर किला.’’ झालं. आत? आत जाता येत नाही. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा ठरावीक दिवशीच लोकांना आत सोडतात. हे नागपुरात लहान पोरालाही माहीत असतं म्हणे. जी कंपनी नागपूरची सहल विकते तिला माहीत नाही? की माहीत असूनही डिसेंबरातल्या एका सोमवारच्या कार्यक्रमात ‘किल्ल्यात फेरी’ लिहून पैसे घेतले? यातलं कुठलं उत्तर जास्त वाईट, ते तुम्हीच ठरवा. वडील गाडीतून उतरले, रस्त्याच्या कडेला उभं राहून थोडा वेळ वर बघत राहिले, आणि मग गाडीत बसून गप्प झाले.

सोमवार म्हणाले ना मी? अजब बंगला सोमवारी बंद असतो. १८६३ सालचं संग्रहालय, त्याची सुट्टी काही काल-परवा ठरलेली नाही. तुमच्या कॅलेंडरवर मात्र सोमवार हिरवा होता, ‘उपलब्ध’. काय उपलब्ध होतं? फाटक!

झिरो माईलची तर वेगळीच गंमत. हिवाळी अधिवेशन चालू होतं. विधानभवनाच्या आसपास बॅरिकेड, पोलीस, मोर्चेकरी. पोलिसांनी गाडी थांबूच दिली नाही. चालत्या गाडीतून दगडाचे घोडे दिसले. चार असतात म्हणतात, आम्हाला दोन दिसले. अधिवेशन बहुतेक दर डिसेंबरात नागपुरात भरतं, ही काही गुप्त बातमी नाही. अख्खा महाराष्ट्र त्या दिवसांत नागपूरच्या नावाने बोलत असतो. सहलीची वेळ बदलून द्यायला एक फोन पुरला असता.

महालात गाडी लावून पायी निघालो. तुमच्या मार्गदर्शकाला गांधी गेट सापडेना. फोनवरचा नकाशा त्याला गोल गोल फिरवत होता, त्याच्यामागून आम्ही. शेवटी त्याने एका ऑटोवाल्याला विचारलं. ऑटोवाल्याने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे : ‘‘मॅडम, हा तुमाले फिरवून राह्यला का तुमी त्याले?’’ त्या ऑटोवाल्याने रस्ता दाखवला. शिवाय गांधी गेट म्हणजे जुना जुम्मा दरवाजा, हेही सांगितलं, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या गल्ल्यांतून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीने कशी निघते, मागे बडगे, तेही पुतळेच, कसे नाचवतात, लोक ‘ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत’ म्हणून कसे ओरडतात, ते हातवारे करून ऐकवलं. वडील त्या दिवसात पहिल्यांदा हसले. दहा मिनिटं बोलला असेल, पैसे घेतले नाहीत. त्याआधी मारबत म्हणजे काय, हे वडिलांनी तुमच्या माणसालाही विचारलं होतं. ‘‘होली टाइप कुछ है,’’ असं उत्तर मिळालं होतं.

मग वडिलांनीच धडा घ्यायला सुरुवात केली. तुमचा मुलगा म्हणाला, शहर भोसल्यांनी वसवलं. वडिलांनी सांगितलं, बाळा, भोसले नंतर आले. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने हे वसवलं. मुलाने थांबून ते फोनमध्ये टाईप करून घेतलं. नावाचं स्पेलिंगही विचारून घेतलं. उद्या तुमच्या पुढच्या गिऱ्हाइकाला हे ऐकायला मिळेल. त्याचं श्रेय तुमच्या ‘स्थानिक तज्ज्ञां’ना देऊ नका, साताऱ्याच्या एका निवृत्त मास्तरांना द्या.

सावजीच्या नावाखाली पनीर आणि तंदुरी रोटी मिळाली. त्यावर जास्त लिहीत नाही. त्यानंतर तुमचा ‘खरेदी थांबा’ आला, जो पानावर कुठेच नव्हता. संत्रा बर्फीच्या दुकानात पाऊण तास. डिसेंबर, म्हणजे आंबिया बहाराचे दिवस. बाहेर हातगाड्यांवर संत्र्यांचे ढीग लागलेले. वडिलांना ताजी संत्री हवी होती. पण ‘‘अंदर से ही लीजिए, मेरा थोडा हो जाएगा’’ असं त्या मुलाने म्हटल्यावर आम्ही बर्फी घेतली. त्याला तुम्ही काय देता, हा प्रश्न तेव्हाच डोक्यात आला.

त्या पाऊण तासाची भरपाई दीक्षाभूमीवर केली गेली. तिथे आम्हाला दहा मिनिटं मिळाली, कारण चार वाजत आले होते. जाता जाता माहिती मिळाली की स्तूप सम्राट अशोकाच्या काळातला आहे. वडील जागच्या जागी थांबले. १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी, बाबासाहेबांनी लाखोंच्या साक्षीने इथे धम्मदीक्षा घेतली, आणि हा स्तूप २००१ साली खुला झाला. ज्या ठिकाणी माणसं देशभरातून डोकं टेकायला येतात, त्या ठिकाणाबद्दल तुमच्या पैसे घेतलेल्या माणसाने असं काही बोलावं, आणि तेही दीक्षाभूमीच्या आवारात, आजूबाजूला ऐकणारी माणसं असताना? मला मान खाली घालावी लागली. स्तूप आतून पोकळ आहे, आत उभं राहून वर बघायचं असतं, हे आम्हाला नंतर शेजाऱ्यांकडून कळलं.

आता आजच्या फोनबद्दल. हा संवाद शब्दशः लिहिते, कारण तुमच्याकडे त्याचं रेकॉर्डिंग आहे. ‘प्रशिक्षणासाठी कॉल रेकॉर्ड केला जाऊ शकतो’ हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतही म्हणेन. तेव्हा प्रशिक्षणासाठीच वापरा.

मी सगळं सांगून झाल्यावर सीनियर म्हणाले, ‘‘मॅम, माझ्याकडे किल्ला कम्प्लीट दिसतोय.’’
मी म्हटलं, आत गेलोच नाही.
‘‘आउटसाइड व्ह्यू म्हणून कम्प्लीट आहे, मॅम.’’
‘‘अजब बंगला?’’
‘‘तोही एक्स्टीरियर.’’
‘‘आणि जेवण? तेही बाहेरूनच धरायचं का?’’
‘‘मॅम, प्लीज चिडू नका.’’ थोडी शांतता. कळफलकाचा आवाज. मग : ‘‘मॅम, आपण राहता कुठे?’’
‘‘नागपुरात. नुकतीच बदली झालीय.’’
‘‘म्हणजे लोकल. आणि मराठी बोलता.’’
‘‘हो.’’
‘‘मग एक विचारू? राग मानू नका. तुम्हाला गाईडची गरजच काय होती? हे प्रॉडक्ट मुळात बाहेरच्या गेस्टसाठी आहे. मराठी माणसाला तर रस्त्यात कुणीही सांगेल.’’

मी विचारलं, हे पैसे घेताना का नाही सांगितलं? उत्तर : ‘‘सिस्टीम भाषा बघत नाही, मॅम.’’ तुमच्या पानावर भाषेचा रकाना आहे, मी त्यात मराठी निवडली होती आणि त्याचे वेगळे पैसेही लागले होते. हे सांगितल्यावर त्यांनी एक गोष्ट बोलून टाकली, बहुधा बोलायची नसावी : फोटोतल्या बाई त्या दिवशी पेंचच्या जंगलात निघालेल्या परदेशी पाहुण्यांबरोबर होत्या. म्हणजे अनुभवी माणसं तुमच्याकडे आहेत. फक्त आमच्यासाठी नाहीत. आम्हाला कुणीही सांगेल!

मॅनेजरसाहेब, साताऱ्याच्या माणसाला नागपूर आपोआप कळत असतं, असा तुमचा समज कुठून झाला? मराठी आहे म्हणून महालातल्या गल्ल्या पोटातून येतात का? भोसल्यांच्या राजधानीत, आपल्याच राज्याच्या उपराजधानीत, आपल्या भाषेत कुणीतरी नीट समजावून सांगावं, ही मागणी फाजील आहे, असं तुम्हाला वाटतं का? लग्नाला बोलावून पंगत मांडवाबाहेरून दाखवायची आणि वर म्हणायचं की तुमच्या घरी जेवण असेलच की, असा हा प्रकार झाला.

शेवटी त्यांनी मला पुढच्या सहलीवर दहा टक्के सवलतीचं कूपन देऊ केलं. पुढच्या सहलीवर! फोन ठेवताच मेसेज आला : ‘आजचा संवाद कसा वाटला? पाच तारे द्या.’

वाईट याचं वाटतं की तुमच्यावर विश्वास होता. हंपीला तुमच्याच मार्फत गेलो होतो. तिथल्या माणसाने विठ्ठल मंदिराच्या आवारात ऊन कुठून येतं ते बघून कुठे उभं राहायचं, काय आधी बघायचं, हे ठरवलं होतं. वडील अजून त्याची आठवण काढतात. त्याच नावाखाली हे चालतं, हे आता मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगणार आहे, आणि बदलीची नोकरी असल्याने आमच्या ओळखी बऱ्याच गावांत आहेत.

मला पाहिजे ते असं. पूर्ण ७,२०० रुपये, कूपन नको, अर्धे नको, ‘वॉलेट’मध्ये नको, ज्या खात्यातून गेले त्यात. वडिलांच्या नावे लेखी माफी. आणि पानावरून ‘किल्ल्यात फेरी’ काढा, सोमवारी अजब बंगला विकणं बंद करा. हो, सोमवारबद्दल परत लिहितेय, कारण आज सकाळी पाहिलं तर येणारा सोमवारही हिरवाच आहे.

ग्राहक संरक्षणाच्या २०२० सालच्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तुमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव पानावर शोधून सापडलं नाही, तेही नियमात बसत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवणारच आहे. त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने मी राहते तिथेच तक्रार दाखल करता येते, म्हणजे तुमचं मुख्यालय कुठेही असलं तरी तारखेला नागपुरात यावं लागेल. या रकमेच्या तक्रारीला फी लागत नाही. वकीलही लागत नाही. सोबतीला वडील येतील, त्यांना तारखा चांगल्या पाठ असतात.

तुमच्या वकिलांना शहर नवीन असेल तर स्थानिक मार्गदर्शक घ्यायला सांगा. फक्त तुमच्याकडून घेऊ नका म्हणावं.

फोन करू नये. उत्तर लेखी द्यावं, मराठीत.

आपली ग्राहक (होते),
नागपूर

सोबत : पावती, सहलीच्या पानाचे स्क्रीनशॉट (आजचा हिरवा सोमवार धरून), बर्फीचं बिल.